मागापाशी वाचायचं पुस्तक

हे पुस्तक टॉवेल आणि चादर विणणाऱ्या यंत्रमागाविषयी आहे. माग कसा लावायचा, बीम कसा चढवायचा, जकार्डची कार्डं कशी पाडायची, लूप एकसारखे का येत नाहीत आणि आले नाहीत तर आधी कुठे हात घालायचा, एवढंच त्यात आहे. सोलापूरच्या चादरीचा इतिहास इथे मिळणार नाही, गिरण्यांच्या संपाची हकिगतही नाही. त्यावर इतरांनी लिहिलं आहे. पण मागावर काम शिकणाऱ्या मुलाच्या हातात मराठीतलं एक पुस्तक द्यावं म्हटलं, तर मला ते सापडत नव्हतं. म्हणून लिहायला बसलो. वर्षभरात होईल असं वाटलं होतं, सहा वर्षं लागली. ती कशात गेली हे सांगितलं, तर हे पुस्तक कसं वाचायचं तेही कळेल. म्हणून ही प्रस्तावना थोडी लांबली आहे.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागातलं. आजोबा तेलंगणातून आले ते विणकर म्हणूनच. इथे 'जुनी मिल' म्हणून ओळखली जाणारी गिरणी १८७७ साली उभी राहिली आणि पुढच्या काळात आमच्यासारखी असंख्य पद्मशाली घरं या गावात आली. कोणी गिरणीत लागलं, कोणी घरातच माग टाकला. घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि हिंदी, टेक्स्टाइलच्या डिप्लोमाची पुस्तकं इंग्रजीत. एकाच वस्तूला आजी 'मग्गम' म्हणायची, शेजारी माग म्हणायचे आणि मास्तर लूम म्हणायचे. लहानपणी यात काही अडचण वाटली नाही. अडचण आली ती पहिलं पान लिहायला घेतलं तेव्हा.

लिहायची वेळ पहाटेची ठरवली होती. पाच ते साडेसात. त्यानंतर शेजारचे माग सुरू होतात आणि त्या आवाजात वाक्य डोक्यात धरून ठेवता येत नाही. मे महिन्यात पारा चाळीसच्या पुढे जातो, तेव्हा पहाटेचे ते दोन-अडीच तासच काय ते हाती लागत. नळाला पाणी यायचा दिवस असेल तर तेही जात, कारण चार-पाच दिवसांचं पाणी भरून ठेवायचं असतं. नोकरी दिवसभराची होती. या हिशेबाने आठवड्याला चार पानं व्हायला हवी होती. पहिले काही महिने ती झालीही. शंभर पानांच्या वर मजकूर झाला आणि मला वाटलं की निम्मं काम संपलं.

मग ती पानं घेऊन मी एका ओळखीच्या शेडवर गेलो. तिथे चाळीस वर्षं माग चालवलेले एक वयस्क विणकर होते. त्यांना सगळे अण्णा म्हणतात, मीही म्हणतो. त्यांना वाचनाची फार सवय नाही, म्हणून मीच एक प्रकरण वाचून दाखवलं. पाइल बीमच्या, म्हणजे टॉवेलच्या लूपचे धागे ज्यावर गुंडाळलेले असतात त्या रुळाच्या, ताणाविषयीचं होतं. बीमच्या मागे दोर आणि वजनं असतात, त्यावर ताण ठरतो. मी लिहिलं होतं की अमुक काउंटच्या सुताला, अमुक रुंदीला इतकं वजन ठेवावं. अण्णा शांतपणे ऐकत होते. वाक्य संपल्यावर त्यांनी विचारलं, "सर, हे वजन बीम भरलेला असताना का रिकामा होताना?"

मी पुस्तकं वाचून शिकलो होतो, त्यामुळे यामागचं कारण मला माहीत होतं. बीमवरचं सूत उलगडत जातं तसा त्याचा व्यास कमी होतो. दोराचं घर्षण मात्र तेवढंच राहतं. म्हणजे वजन न हलवता तसंच ठेवलं, तर धाग्यावरचा ताण बीम रिकामा होता होता वाढत जातो. भरल्या बीमला जे वजन बरोबर, तेच अर्ध्या बीमला जास्त. पाइल बीमवर असं झालं की लूप बुटके होतात. सकाळचा टॉवेल आणि दुसऱ्या दिवशीचा टॉवेल हाताला वेगळे लागतात. हे मला ठाऊक असूनही मी वाक्य असं लिहिलं होतं, जणू बीम कधी रिकामा होतच नाही. पानावर माग थांबलेला असतो, शेडमध्ये तो चालत असतो. अण्णांनी विचारलेला प्रश्न मी त्या रात्री वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आणि शंभर पानं बाजूला ठेवून पुन्हा सुरुवात केली.

त्यानंतर कामाची पद्धत बदलली. पहाटे जे लिहायचं ते संध्याकाळी नोकरीवरून परतताना शेडवर नेऊन ताडून पाहायचं. एखादं वाक्य 'नट सैल करा' असं असेल, तर तो नट कुठल्या बाजूने हाताला लागतो, पान्याला जागा आहे का, आधी कुठलं झाकण काढावं लागतं, हे स्वतः करून पाहायचं. कित्येकदा चार शब्दांच्या वाक्यासाठी पाऊण तास जाई आणि शेवटी ते वाक्य काढून टाकावं लागे, कारण नव्या मागांवर तो नटच नसतो. महिन्याला दोन पानं झाली तरी मी समाधानी असायचो. ज्यांना तांत्रिक पुस्तक लिहायचं आहे त्यांना माझा अनुभव असा सांगावासा वाटतो की टेबलावरचा वेळ हा या कामातला लहान भाग आहे. मोठा भाग म्हणजे वस्तूकडे परत परत जाणं.

दुसरी अडचण शब्दांची. शासनाच्या भाषा संचालनालयाने तांत्रिक विषयांचे परिभाषा कोश काढले आहेत आणि त्यामागचे कष्ट मोठे आहेत. मी ते कोश शेजारी ठेवून बसलो होतो. पण घडवलेला शब्द मागावर नेला की समोरचा माणूस माझ्या तोंडाकडे बघे. उलट धोटा, फणी, कांडी, खळ, ताणा, बाणा हे शब्द पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांत घासून गुळगुळीत झालेले आहेत. त्यांना पर्याय शोधायचं कारण नव्हतं. बीम, पिक, काउंट, जकार्ड, डॉबी, पाइल हे इंग्रजीतून आले, पण आता ते सोलापूरचेच झाले आहेत. लिहिता न येणारी बाईसुद्धा 'वीस काउंट' आणि 'चाळीस काउंट' यातला फरक बोटांनी ओळखते आणि त्याच शब्दांनी सांगते. मी नियम केला की शेडमध्ये ज्या नावाने वस्तू मागितली जाते तेच नाव पुस्तकात येईल, मग ते कुठल्याही भाषेतून आलेलं असो.

एका जागी हा नियम अपुरा पडला. मागावर कापड विणत विणत जिथवर आलेलं असतं, जिथे फणी शेवटचा पिक, म्हणजे बाण्याचा आडवा धागा, नेऊन ठोकते, त्या रेषेला इंग्रजी पुस्तकात स्वतंत्र शब्द आहे. आमच्याकडे कोणी 'काठ' म्हणतं, पण काठ म्हणजे कापडाची बाजूची किनार. वाचणारा गोंधळेल. मी नवा शब्द घडवायचा प्रयत्न केला, दोन महिने तो वापरलाही आणि मग खोडून टाकला. आता पुस्तकात जिथे जिथे ती रेषा येते तिथे 'विणकाम जिथवर झालं आहे ती रेषा' असं पूर्ण लिहिलं आहे. वाक्यं लांब झाली आहेत हे मला मान्य आहे. पण ती रेषा नीट कळल्याशिवाय टॉवेल कळत नाही.

कारण टॉवेलचं सगळं कौशल्य त्या रेषेपाशीच आहे. टॉवेलच्या मागाला दोन बीम असतात. ग्राउंड बीमचे धागे ताठ, पाइल बीमचे सैल. नेहमीच्या तीन पिकांच्या टॉवेलमध्ये पहिले दोन पिक फणी त्या रेषेपर्यंत नेत नाही, थोडं अंतर राखून सोडते. तिसऱ्या पिकाला मात्र पूर्ण ठोका देते आणि तिन्ही पिक एकदम पुढे सरकतात. ग्राउंडचे धागे ताठ असल्यामुळे पिक त्यांच्यावरून घसरत जातात. पाइलचे धागे सैल असल्यामुळे पिकांच्या पकडीत अडकून त्यांच्याबरोबर ओढले जातात, वाकतात आणि कापडाच्या दोन्ही अंगांना लूप उभे राहतात. राखलेलं अंतर वाढवलं की लूप उंच. पाणी शोषून घेणारा तो मऊपणा म्हणजे फणीने दोनदा घेतलेली माघार आणि तिसऱ्यांदा मारलेली धडक. हे मी जितक्यांदा पाहिलं आहे तितक्यांदा मला आनंद झाला आहे. पुस्तकातलं तिसरं प्रकरण पूर्णपणे या तीन ठोक्यांवर आहे आणि ते मी अकरा वेळा लिहिलं.

जकार्डचं प्रकरण लिहिताना मला या धंद्याचा खरा अभिमान वाटला. फ्रान्समधल्या ल्यों शहरात जोसेफ मारी जकार्डने १८०४च्या सुमारास नक्षी विणण्याचं हे यंत्र सिद्ध केलं. त्याच्या आधी बुशों, फाल्कों, वोकांसों यांनी भोकं पाडलेल्या कागदाने धागे उचलायची कल्पना पुढे नेली होती. भोक असेल तर सुई आत जाते, तिचा हुक उचलला जातो, धागा वर येतो. भोक नसेल तर धागा खाली राहतो. एका पिकाला एक कार्ड. इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेजने आपल्या गणन-यंत्राला आज्ञा देण्यासाठी हीच कार्डं वापरायचं योजलं. खुद्द जकार्डचं रेशमात विणलेलं एक चित्र बॅबेजजवळ होतं, ते विणायला चोवीस हजार कार्डं लागली होती. मयूरपंखी चादरीचं डिझाइन ग्राफवर भरणारा आमच्याकडचा कारागीर आणि संगणकाला आज्ञा लिहिणारा माणूस एकाच घराण्यातले आहेत. हे मी वर्गातल्या मुलांना सांगतो तेव्हा त्यांची मान थोडी ताठ होते.

ग्राफविषयी एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण नवखे लोक तिथे हमखास फसतात. ग्राफच्या चौकोनाची लांबी-रुंदी कापडातल्या इंचाला किती ताणे आणि किती पिक आहेत त्या प्रमाणात घ्यावी लागते. साध्या चौकोनी कागदावर काढलेलं गोल फूल चादरीवर अंड्यासारखं उमटतं.

आणि एक कार्ड चुकलं तर? एका कार्डात एक भोक जास्त पडलं, तर त्या डिझाइनच्या प्रत्येक चादरीत, प्रत्येक वेळी त्याच जागी धागा चुकीचा उचलला जातो. शंभर चादरी निघाल्या तर शंभरांत तो दोष असतो. पुस्तकाचंही तेच आहे. छापून झालेली चूक प्रत्येक प्रतीत असते आणि ती प्रत कुणाच्या शेडमध्ये जाऊन कुणाचं सूत वाया घालवेल ते लेखकाला कळतही नाही. कथा-कादंबरीत एखादा आकडा चुकला तर वाचक माफ करतो. इथे त्या आकड्यावर माणूस सूत विकत घेतो.

माझ्याकडून अशी एक चूक झालेली होती आणि ती छापण्याआधी सापडली म्हणून निभावलं. सुताच्या हिशेबाच्या प्रकरणात एक सोडवलेलं उदाहरण आहे. काउंट म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात तो आकडा. वीस काउंटचं एकेरी सूत पौंडाला १६,८०० यार्ड भरतं. पण दोन धागे पिळून केलेलं दोन-वीसचं सूत हिशेबात दहा काउंट धरायचं असतं, ते पौंडाला ८,४०० यार्डच भरतं. मी उदाहरणात सूत दोन-वीस म्हटलं आणि पुढचा गुणाकार वीसने केला. लागणाऱ्या सुताचं वजन निम्मं आलं. मी ते पान निदान पंधरा वेळा वाचलं असेल, तीन इंजिनिअर मित्रांनीही वाचलं होतं. ती चूक काढली ती बीम भरण्याच्या कामावरच्या एका मुलीने. तिने गणित केलंच नाही. ती म्हणाली, "एवढ्या सुतात एवढे टॉवेल निघत नाहीत, सर." त्या दिवसानंतर पुस्तकातलं प्रत्येक उदाहरण, म्हणजे सगळी बासष्ट उदाहरणं, मी प्रत्यक्ष झालेल्या कामाच्या नोंदींवरून घेतली. कल्पनेने रचलेला एकही आकडा आता त्यात नाही.

मराठीत असं लिहिणं होऊ शकतं का, अशी शंका मला मधल्या काळात फार छळायची. तेव्हा दोन पुस्तकांनी धीर दिला. पहिलं कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा'. १९७० साली निघालेलं हे पाककृतीचं पुस्तक माझ्या मते मराठीतलं अत्यंत यशस्वी तांत्रिक पुस्तक आहे. त्यात प्रमाण वाटीचं आणि चमच्याचं आहे. जी वस्तू वाचणारीच्या हाताशी आहे तिनेच मोजायला सांगितलं आहे. नवी सून ते पान उघडून स्वयंपाकाला लागू शकते. मी माझ्या पुस्तकात फणीचं अंतर मिलिमीटरमध्ये दिलं आहेच, पण त्याच्या शेजारी शेडमध्ये ज्या खुणेने ते ओळखतात ती खूणही दिली आहे, ती 'रुचिरा'मुळे.

दुसरा धीर अच्युत गोडबोले यांचा. ते आमच्याच गावचे, हरिभाई देवकरण प्रशालेत शिकलेले. १९७२ साली आयआयटी मुंबईतून केमिकल इंजिनिअर झाले, पुढे सॉफ्टवेअरमध्ये गेले आणि मोठमोठ्या कंपन्यांची जबाबदारी सांभाळत असतानाच त्यांनी 'ऑपरेटिंग सिस्टिम्स' हे इंग्रजी पाठ्यपुस्तक लिहिलं. नंतर 'किमयागार', 'अर्थात', 'मनात', 'गणिती' अशी मराठी पुस्तकं आली. विज्ञान, अर्थशास्त्र, मानसशास्त्र, गणित यांवरचे जाडजूड ग्रंथ मराठी माणूस विकत घेऊन वाचतो हे त्यांनी दाखवून दिलं. सोलापूरच्या शाळेत शिकलेला माणूस नोकरी सांभाळून हे करू शकतो, एवढी गोष्ट मला पहाटे पाचला उठायला पुरत असे.

जगातही या कामाचे असे वेडे उपासक आहेत. डोनाल्ड नूथ या अमेरिकन गणित्याने १९६२ साली संगणकाविषयी एक पुस्तक लिहायला घेतलं. त्याचे खंडामागून खंड होत गेले आणि काम अजून चालूच आहे. १९७७ साली एका खंडाच्या नव्या आवृत्तीची छपाई त्याला पसंत पडली नाही, तेव्हा त्याने लेखन बाजूला ठेवून गणिती मजकूर जुळवायची 'टेख' ही संगणक-प्रणालीच तयार केली. आणि पुस्तकातली चूक प्रथम दाखवणाऱ्याला तो दोन डॉलर छप्पन्न सेंटचं बक्षीस देत आला आहे. चूक दाखवणाऱ्याचे आभार मानायचे, हे मी त्याच्याकडून घेतलं.

छपाईचं दुःख मलाही भोगावं लागलं. मी मजकूर युनिकोडमध्ये केला होता, छापखान्यातली व्यवस्था जुन्या फॉन्टची. रूपांतरात जोडाक्षरं फुटली, कोष्टकांतले आकडे एका रकान्यातून दुसऱ्यात गेले. मुद्रितं पाच वेळा तपासली. चित्रांचं तर वेगळंच. आधी फोटो काढले होते, पण मागाच्या फोटोत सगळं लोखंड एका रंगाचं दिसतं आणि जो भाग दाखवायचा तोच दिसत नाही. शेवटी सगळी चित्रं रेषांची करून घेतली. प्रत्येक चित्रात फक्त तेवढाच भाग ठळक आहे ज्याविषयी त्या पानावर मजकूर आहे. चित्रकाराला मी तीनदा शेडवर घेऊन गेलो. तिसऱ्या खेपेला त्याने स्वतः धागा तोडून पुन्हा जोडला, त्यानंतर त्याची चित्रं सुधारली.

मला माहीत आहे की जुने माग भंगारात जात आहेत. रेपिअर माग आले, इलेक्ट्रॉनिक जकार्ड आलं, त्याला कार्डं लागत नाहीत. डिझाइन संगणकावर होतं आणि सरळ मागाला जातं. मग जुन्या मागाविषयी एवढं का लिहायचं, असं मला दोघातिघांनी विचारलं. एक तर हजारो जुने माग आजही चालतात आणि त्यांच्यावर घरं चालतात. शिवाय नव्या मागावरही पहिले दोन पिक अंतर राखून पडतात आणि तिसऱ्याला पूर्ण ठोका बसतो. धागा तोच आहे, त्याचा ताण तोच आहे. ज्याला साध्या मागावर लूप का बुटका झाला हे कळलं, त्याला नव्या मागाच्या पडद्यावरचा आकडा काय सांगतो हेही कळतं. फक्त पडदा शिकलेला मुलगा बिघाड झाला की कंपनीच्या माणसाची वाट बघत बसतो. सोलापूरच्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ते गावाच्या नावाला मिळालं असलं तरी ते टिकवायचं आहे मागावरच्या हातांनीच, आणि त्या हातांना त्यांच्या भाषेत पुस्तक मिळायला हवं.

अण्णांनी छापायला जाण्याआधी ताणाचं प्रकरण पुन्हा ऐकलं. आता त्यात भरलेला बीम, अर्धा बीम आणि शेवटचे फेरे अशी तीन वेगळी वजनं दिली आहेत. ते म्हणाले, "आता माग लागंल." मला मिळालेला हा पहिला अभिप्राय आहे आणि यापुढे मिळणारे सगळे मी त्याच्याशी ताडून पाहीन.

वाचकांना एक विनंती. हे पुस्तक कपाटात ठेवू नका, मागाजवळ ठेवा. त्याला तेलाचे हात लागले तर लागू द्या, म्हणूनच कागद जाड घेतला आहे आणि प्रत्येक प्रकरणाअखेर एक पान नोंदींसाठी कोरं सोडलं आहे. सांगितल्याप्रमाणे करूनही माग लागला नाही, तर पानाचा क्रमांक, मागाचा प्रकार, सुताचा काउंट आणि बीम किती भरलेला होता एवढं लिहून मला कळवा. माझा पत्ता शेवटच्या पानावर दिला आहे.